मोटारसायकलीचा चिकटणारा ब्रेक : परीक्षा व उपाय

हस्ताचा पाऊस होऊन गेला आणि मंगळवेढें-मोहोळकडील काळ्या रानांत ज्वारीच्या पेरणीची घाई सुरू झाली, म्हणजे गाड्यांचे ब्रेक चिकटूं लागतात. आमचा सोलापूर जिल्हा रब्बीचा. मोठा पाऊस येथें भाद्रपद-आश्विनांत पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत बियाण्याचीं पोतीं व दुधाचे कॅन मोटारसायकलीवर घालून चिखलांतून जावें लागतें. काळी माती ओली असतां चाकास लपेटते व वाळली म्हणजे विटेसारखी होते. ती पेडलच्या सांध्यांत बसली, कीं पाय काढला तरी ब्रेक सुटत नाहीं.

पुष्कळांस हें कळतच नाहीं. गाडी ओढत नाहीं, पेट्रोल फार जातें, अशी तक्रार करून ते इंजिनास दोष देतात. म्हणून आधीं परीक्षा करावी. सुरक्षित रस्त्यावर, ब्रेकची गरज थोडी पडेल अशा बेतानें, दोनतीन किलोमीटर गाडी चालवावी व मागील ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकावे. चुर्र असा आवाज झाला, तर ब्रेक घासत आहे असें समजावें. हात लावून पाहूं नये, भाजतो. मग गाडी निवाल्यावर डबल स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्यें ठेवून, मागील चाक हातानें फिरवावें. साखळीमुळें तें थोडें जड जाणारच, परंतु अडखळतां कामा नये.

येथें बहुतेक लोक जो उपाय करितात, तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. दांड्याच्या टोकाचा नट चार फेरे सैल करावयाचा, चाक मोकळें झालें कीं गाडी हांकावयाची! दोष जागच्या जागींच राहतो, आणि वर पेडल तळापर्यंत दाबलें तरी ब्रेक लागत नाहीं. मागें दोन भरलेले कॅन आहेत, पुणें-सोलापूर हमरस्त्यावर पुढचा ट्रक एकाएकीं थांबला आहे, अशा वेळीं त्या सैल नटाची किंमत कळते. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. जागेवर जाऊन पाहिल्यावांचून पंचनामा लिहूं नये, हा तेथील शिरस्ता ब्रेकासही लावावा.

प्रथम साखळीची आठवण करावी. साखळी ताणण्याकरितां चाक मागें सरकविलें, म्हणजे ब्रेकचा दांडाही ताणला जातो. साखळी नुकतीच आवळली असेल, तर बहुधा एवढेंच कारण असतें, व मग नट योग्य तेवढा सैल करणें हाच खरा उपाय होय. पेडल दाबतांना ब्रेक धरण्यापूर्वीं साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल असावी. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेंत निराळा आंकडा असल्यास तोच प्रमाण मानावा.

चाल बरोबर असूनही ब्रेक चिकटत असेल, तर नट पूर्ण काढून दांडा चाकाजवळच्या आर्मपासून सोडवावा. आतां दोष दोन बाजूंस वांटला गेला. पेडल दाबून सोडलें असतां तें आपण होऊन वर येत नसेल, तर दोष पेडलच्या सांध्यांत किंवा त्याच्या स्प्रिंगेंत आहे. सांधा खोलून माती काढावी, गंज पॉलिश पेपरनें घासावा, ग्रीस लावून जोडावा. पेडल ठीक असेल, पण आर्म हातानें ओढून सोडला असतां परत जात नसेल, तर दोष चाकाच्या आंत आहे.

चाक काढून ब्रेक प्लेट बाहेर घ्यावी. शू पसरविणारा कॅम गंजून आपल्या भोंकांत धरला असेल, हें नेहमींचें. तो बाहेर घेण्यापूर्वीं आर्म व कॅम यांवर खूण करावी, म्हणजे पुन्हां बसवितांना चूक होत नाहीं. कॅम घासून, डिझेलनें धुऊन, कोरडा करून अगदीं थोडें ग्रीस द्यावें. लायनरला ग्रीसचा डागही लागूं देऊं नये. ढिल्या स्प्रिंगा जोडीनेंच बदलाव्या. आंतील भुकटी फुंकूं नये, ती छातीस वाईट. ओल्या फडक्यानें पुसावी.

लायनर संपत आले असतांही कांहीं कारागीर आर्म एक दांता मागें बसवून देतात व पैसे वांचविल्याचें समाधान पदरांत घालतात. हें फार घातक आहे. आर्मवरील बाण, ब्रेक पूर्ण दाबल्यावर, प्लेटवरील खुणेस भिडला म्हणजे लायनर संपले. त्यापुढें दांता फिरविला, तर कॅम आडवा पडतो, शू मिटत नाहींत आणि चाक चालत्या गाडींत जाम होतें. शूची नवी जोडी त्या मानानें स्वस्तच होय.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. पर्यंतच्या नव्या गाड्यांस कॉम्बी ब्रेक अथवा एबीएस असतो. कॉम्बींत पायाचें पेडल पुढील ब्रेकही ओढतें. म्हणून पुढील चाक अडल्यास ती जोडणारी केबलही पाहावी. केबलच्या तारा तुटल्या असतील तर तेल घालीत बसूं नये, नवी घालावी.

डिस्क ब्रेक मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावा. त्याला एवढेंच सांगावें, कीं अडलेल्या चाकाची ब्लीड निपल किंचित उघडून पाहा. चाक लगेच सुटलें, तर दाब वर मास्टर सिलिंडरांत किंवा नळींत कोंडला आहे. न सुटलें, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या पिना धरल्या आहेत. ब्रेक ऑइलच्या डबींत इंजिनाचें तेल चुकूनही घालूं नये. त्यानें आंतील रबर फुगतें व सगळे रबरी भाग बदलावे लागतात.