पहिल्यांदा बर्फावर जाताना
वाईच्या थंडीत चालणारे सुती कपडे गुलमर्गला स्कीइंग करताना दगा देतात. सूत घाम धरून ठेवतं आणि अंग गारठतं. आत थर्मल, त्यावर घरचाच लोकरी स्वेटर आणि बाहेरून महाबळेश्वरच्या पावसात टिकलेला रेनकोट-पँट, एवढं पहिल्या खेपेला पुरतं. खर्च करायचाच तर जलरोधक हातमोजे आणि गॉगलवर करा. नवशिका सारखा पडतो, हात बर्फात टेकतो आणि लोकरी हातमोजे लगेच भिजतात. स्की, काठ्या, बूट गुलमर्ग किंवा औलीत भाड्याने मिळतात. बूट बांधून गुडघे पुढे वाकवून बघा. टाच उचलली गेली तर बिनधास्त दुसरा जोड मागा. आत लांब पायमोजा एकच घालावा. दोन घातले की चुण्या पडून पाय सोलवटतो.