विरजणाची शुचिता

लखनौ शहरात गोमती नदीच्या उत्तरेस अलीगंज नावाची मोठी वस्ती आहे. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची आंचलिक विज्ञान नगरी याच भागात आहे. ती पाहून बाहेर पडलेला विद्यार्थी शहरातील एखाद्या नानबाईच्या भट्टीपाशी थांबला, तर तेथेही त्यास विज्ञानाचा एक धडा मिळेल. खमिरी रोटीच्या कणकेत खमीर मिसळले म्हणजे काही तासांत ती कणीक फुगून हलकी होते. महाराष्ट्रातील गृहिणी कोमट दुधाला चमचाभर विरजण लावते. गोव्यातील पोदेर पूर्वी पावाच्या पिठात माडाची सूर घालीत असे. खमीर, विरजण व सूर या तिन्ही वस्तूंत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे त्यांतील सूक्ष्म जीव. थोडेसे जिवंत बीज घालावयाचे आणि मोठे कार्य त्याच्याकडून करवून घ्यावयाचे, ही युक्ती मनुष्यास फार प्राचीन काळापासून अवगत आहे.

परंतु बीजाबरोबर तणही उगवते, हे शेतकऱ्यास जसे ठाऊक असते, तसे ते विरजण बाळगणाऱ्यासही ठाऊक असावे लागते.

बीज आणि तण

पाव फुगविणारे व मळीपासून मद्यार्क बनविणारे यीस्ट ही एकपेशीय बुरशी होय. तिची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. साखर खाऊन ती कार्बन डाय-ऑक्साइड वायू व अल्कोहोल निर्माण करते. मोठ्या पिंपातील रस आंबवावयाचा असल्यास यीस्टची चिमूट थेट त्यात टाकून भागत नाही. प्रथम थोड्या गोड रसात ते वाढवावे लागते. नंतर साधारणपणे दहापट रसात, मग पुन्हा दहापट रसात, अशा पायऱ्यांनी त्याची संख्या वाढवीत न्यावी लागते. या पहिल्या लहान वाढीस यीस्टचे विरजण म्हणता येईल.

हे विरजण जितके लहान, तितके ते नाजूक असते. अनुकूल स्थितीत यीस्टच्या पेशींची संख्या दुप्पट होण्यास सुमारे दीड तास लागतो; कित्येक जंतू मात्र अवघ्या वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करून पाहावा. सहा तासांत यीस्टची एक पेशी चार वेळा दुप्पट होऊन १६ पेशी होतात. तेवढ्याच वेळात असा एक जंतू अठरा वेळा दुप्पट होऊन त्याचे २,६२,१४४ जंतू होतात. प्रत्यक्षात वाढ इतकी निर्वेध होत नाही. तरी शर्यत कोणाच्या बाजूची आहे, हे यावरून कळते.

पूर्ण वाढलेल्या विरजणाच्या एका मिलिलिटरमध्ये यीस्टच्या सुमारे दहा कोटी पेशी असू शकतात. तेवढी सेना उभी राहिली, की साखर झपाट्याने संपते, रस आम्ल होतो, अल्कोहोल वाढते आणि पुष्कळशा जंतूंना तेथे थारा उरत नाही. म्हणून खरा धोका आरंभीच्या तासांत असतो. त्या वेळी भांड्याच्या कडेला राहून गेलेला जुन्या रसाचा थरही शत्रूची छावणी ठरतो. चंबूत झालेली ही चूक पुढे दहादहा पटींनी वाढत पिंपापर्यंत पोहोचते.

लील येथील आंबट पिंपे

हे सत्य प्रथम मोठ्या नुकसानीतून उमगले. इ. स. १८५६ मध्ये फ्रान्समधील लील या गावी बीटच्या रसापासून मद्यार्क बनविणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे आंबट होऊ लागली. त्याने लुई पाश्चर यांचा सल्ला घेतला. पाश्चर यांनी चांगल्या व बिघडलेल्या पिंपांतील रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चांगल्या रसात यीस्टच्या गोलसर पेशी होत्या. बिघडलेल्या रसात त्यांच्याहून कितीतरी लहान अशा काड्या दिसल्या. हे जंतू साखरेपासून अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्ल बनवीत होते. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविले. शुद्ध बीज हाती आले. आता ते शुद्ध राखणे उरले.

प्रथम धुणे, मग जंतू मारणे

येथे दोन क्रियांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. भांडे स्वच्छ करणे म्हणजे डोळ्यांस दिसणारा व न दिसणारा मळ काढून टाकणे. भांडे निर्जंतुक करणे म्हणजे त्यावर उरलेले जंतू मारणे. पहिली क्रिया टाळून दुसरी साधत नाही. ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन प्रथम मळावरच खर्ची पडते आणि मळाच्या थराखालील जंतू सुखरूप राहतात.

म्हणून वापरलेले भांडे वाळू न देता आधी थंड किंवा कोमट पाण्याने विसळावे. एकदम कढत पाणी ओतल्यास प्रथिने थिजून काचेस चिकटतात. नंतर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, मऊ कुंचल्याने तळ व मान घासावी आणि सोड्याचा अंश राहणार नाही इतके पाणी वापरावे. प्लॅस्टिकच्या भांड्यावर ओरखडा पडला की त्यात जंतू दडतात. यासाठी काचेचा चंबू बरा. रबराची बुचे व नळ्या यांच्या आतील बाजू विशेष पाहाव्यात.

जंतू मारण्याचे सर्वांत भरवशाचे साधन उष्णता होय. उकळत्या पाण्यात बहुतेक जंतू मरतात. परंतु काहींची बीजुके उकळीलाही दाद देत नाहीत. इंग्लंडमध्ये जॉन टिंडल यांनी गवताच्या काढ्यावर प्रयोग करून १८७७ मध्ये ही गोष्ट दाखविली. दाबाखालील वाफेत तापमान १२१ अंश सेल्सिअसपर्यंत जाते व १५ ते २० मिनिटांत बीजुकेही नष्ट होतात. प्रेशर कुकरचे तत्त्व हेच आहे. जेथे उष्णता चालत नाही तेथे रसायने वापरतात. त्यांचे प्रमाण व वेळ वेष्टनावर छापल्याप्रमाणेच पाळावी. ब्लीचिंग पावडर आम्लाबरोबर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. उकळलेला रस थंड होताना झाकलेला असावा. कापसाचा बोळा हवा आत येऊ देतो, पण धूळ व जंतू अडवितो.

पुण्यातील परीक्षानळ्या

लखनौ येथे १९५२ पासून ऊससंशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. उत्तर प्रदेश व महाराष्ट्र ही तर उसाची दोन प्रमुख राज्ये. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क होतो आणि तो आज पेट्रोलमध्येही मिसळला जातो. या उद्योगास लागणारे यीस्ट जतन करण्याचे काम पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहात चालते, तर जवळच मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेत मद्यार्कनिर्मितीचे शिक्षण व संशोधन होते. परीक्षानळीतील यीस्ट चंबूत नेताना तारेचे टोक ज्योतीत लाल करतात आणि नळीचे तोंडही ज्योतीवरून फिरवितात. कारखान्यातील पिंपात जंतू शिरले, तर साखरेचे आम्ल होते आणि त्या प्रमाणात मद्यार्क घटतो. हा तोटा टाळण्याची पहिली संधी त्या लहान ज्योतीपाशी असते.

परवान्यावाचून मद्य बनविणे आपल्या राज्यात गुन्हा आहे. पण भांड्याच्या शुचितेचा पडताळा शाळेत सहज घेता येतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली उष्णता सोसणाऱ्या तीन काचेच्या बाटल्या घ्याव्यात. पहिलीत दूध वाळू देऊन ती नुसती विसळावी. दुसरी सोड्याने घासून धुवावी. या दोहोंत गुळाचे उकळून निववलेले पाणी भरावे. तिसरीही तशीच धुवावी, पण तीत गुळाचे पाणी भरून, कापसाचा बोळा लावून ती अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवावी. पहिल्या दोहोंनाही बोळे लावावेत. मग रोज पाहून कोणते पाणी केव्हा गढूळ झाले, ते वहीत लिहावे. चव मात्र घेऊ नये. बहुधा पहिली बाटली प्रथम व तिसरी सर्वांत शेवटी गढूळ होईल. तिसरीही काही दिवसांनी बिघडली, तर टिंडल यांना भेटलेली बीजुके आपल्याही बाटलीत होती, असा तर्क करता येईल.

दूध तापवून, झाकून, निववून, मग स्वच्छ भांड्यात विरजण लावणारी गृहिणी हेच सारे नियम पाळीत आली आहे. सूक्ष्मदर्शकाने त्या नियमांमागील कारण दाखविले.