गाठ माशीशी आहे!

बाळगुटीसाठी सहाणेवर जायफळ, वेखंड, हळकुंडाच्या जोडीला मायफळ उगाळलं जातं. नावात फळ असलं तरी ते फळ नव्हेच! तुर्कस्तान-इराणकडच्या ओकच्या फांदीवर एक इवलीशी माशी अंडं घालते, झाड त्या अंड्याभोवती टणक गोळा वाढवतं आणि तोच गोळा वाळून आजीच्या डबीत येऊन पडतो. मायफळाला बारीक भोक दिसलं, तर समजायचं की आतली माशी मोठी होऊन उडून गेली. व्यापारी मात्र बिनभोकाचं मायफळ जास्त सरस मानतात.

बांधकाम सगळं झाडाचं, राहणार माशी. आत अळीला खायला मऊ गर, बाहेर भक्कम भिंत. ही युक्ती मायफळवाल्या माशीपुरती नाही. तिच्या दूरच्या भाऊबंदांनी गेल्या पंचवीस वर्षांत जगभरच्या झाडांना जेरीला आणलं आहे.

आधी बदनामी, मग बारसं

2000 साली इस्रायल, तुर्कस्तान, इराण या पट्ट्यात निलगिरीची कोवळी पालवी गाठींनी वाकडीतिकडी होऊ लागली. करणारी माशी जेमतेम सव्वा मिलिमीटरची, काळपट, अंगावर निळी-हिरवी झाक. शास्त्राच्या दप्तरी तिचं नावच नव्हतं. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची आणि माशीही तिथलीच. पण माहेरी तिला खाणारे इतके, की ती कधी कुणाच्या डोळ्यांवर आलीच नाही. 2004 मध्ये तिचं बारसं झालं : लेप्टोसायबी इन्वेझा. तोवर तिनं केनिया आणि युगांडा गाठले होते. 2007 मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत आणि चीनमध्ये सापडली, 2008 च्या सुमारास ब्राझील आणि फ्लोरिडामध्ये.

एवढ्याशा पंखांनी समुद्र ओलांडता येत नाही. तिला नेलं ते रोपांनी, म्हणजे माणसांनी. अंडं घातल्यावर पहिले काही दिवस देठावर फक्त बारीकसा व्रण असतो, तो रोपवाटिकेत सहज नजरेतून सुटतो. मग गाठ फुगते, हिरवी, गुलाबी, लाल असे रंग बदलते. इस्रायलमधल्या निरीक्षणांत अंड्यापासून माशी बाहेर पडायला सुमारे 132 दिवस लागले. इतक्या दिवसांत रोप केवढा प्रवास करू शकतं!

आणि सोबतीला नर लागतच नाही. नर क्वचित आढळतात. माद्या जोडीदाराशिवाय अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. याच्याशी मादीच्या शरीरातल्या रिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा संबंध जोडला गेला आहे. नव्या देशात पाय रोवायला एक मादी पुरते.

आपल्याकडे निलगिरी जुनी पाहुणी. टिपू सुलतानाच्या काळात, 1790 च्या सुमारास, ती नंदी टेकड्यांवर लागली असं सांगतात. कर्नाटक-तामिळनाडूच्या लागवडींना या माशीनं चांगलंच छळलं. एकाच झाडापासून केलेली हजारो क्लोन रोपं एका ओळीत उभी असतात. त्यातलं एक माशीला मानवलं, की सगळंच रान मानवलं. फवारणीचा फारसा उपयोग नाही, कारण अळी गाठीच्या आत सुरक्षित बसलेली असते. म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले आणि क्वीन्सलँडमधून या अळ्यांवर जगणाऱ्या त्याहून चिमुकल्या माश्या घेऊन आले. त्यांतली क्वाड्रास्टिकस मेंडेली भारतातही कामाला आली.

आणि आता पांगारा

हे मला सर्वांत जास्त लागतं. शिमग्याच्या आसपास निष्पर्ण पांगारा लालभडक फुलतो आणि मैना-साळुंक्यांची झुंबड उडते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना का ते कळेल. त्या पांगाऱ्यालाही गाठी करणारी माशी आहे. तिचं नाव क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी. घराणं तेच! एक क्वाड्रास्टिकस निलगिरी वाचवते, दुसरी पांगाऱ्याच्या मुळावर उठते.

2003 मध्ये तैवानात तिचा उपद्रव दिसला. 2004 मध्ये सिंगापूर, मॉरिशस आणि रेयूनियनच्या नमुन्यांवरून तिला नाव मिळालं. लवकरच ती केरळात पोचली. तिथं मिरीचे वेल पांगाऱ्यावर चढवतात, म्हणजे झाड वाळलं की वेलाचा आधारच जातो. निलगिरीची माशी साडेचार महिने घेते, हिची पिढी जवळपास वीस दिवसांत तयार. एप्रिल 2005 मध्ये ती हवाईच्या ओआहू बेटावर दिसली आणि काही महिन्यांतच सगळ्या मोठ्या बेटांवर पसरली. तिथला देशी पांगारा, विलिविली, जगात दुसरीकडे कुठंच नैसर्गिकपणे उगवत नाही. लोकांनी घाईघाईनं त्याच्या बिया गोळा करून साठवल्या.

जरा उलटंही

दक्षिण आफ्रिकेत एका गाठवाल्या माशीला मुद्दाम बोलावून घेतलंय. वाळू धरून ठेवायला आणलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तिथं बेफाम माजली, तेव्हा 1980 च्या दशकात तिच्या कळ्यांवर अंडी घालणारी माशी सोडली. शेंगांच्या जागी गाठी धरू लागल्या, बिया कमालीच्या घटल्या. 2015 पासून पोर्तुगालही तोच प्रयोग करतोय.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर उंबर फोडा. आतली केंबरं हीही याच गोतावळ्यातली. त्यांच्या अळ्या उंबरातल्या बारीक फुलांच्या गाठींत वाढतात, आणि केंबरांशिवाय उंबराला बी धरत नाही.

पुन्हा हवाईकडे. पांगाऱ्याच्या माशीचा शत्रू शोधताना टांझानियात तिच्या गाठींमध्ये युरिटोमा एरिथ्रिनी नावाची माशी सापडली. ती गाठीतल्या अळ्या खाते, एकीवर न थांबता एका कोठडीतून दुसरीत शिरते. नोव्हेंबर 2008 मध्ये ती हवाईत सोडली आणि विलिविलीला पुन्हा धड पानं येऊ लागली. पांगाऱ्याचं पान तीन दलांचं असतं. माशी लागली की ती दलं आक्रसतात, देठ सुजतो आणि सुजेवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. अगदी मायफळावर असतात तशीच.