पाणी लांब, म्हणून मुलं जास्त?

उन्हाळा तापला की सातारा-सांगलीतल्या माण, आटपाडी, जत या पट्ट्यात टँकर धावू लागतात. टँकर विहिरीत रिकामा झाला की काठावर पोहऱ्यांची एकच झुंबड उडते. ज्या घरचे चौघे दोर सोडतात, त्यांच्या घागरी आधी भरतात. एकट्या बाईच्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी येतं. सात-आठ वर्षांची पोरगीही कळशी घेऊन तिथे उभी असते.

अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी १९९०च्या दशकात यावरच बोट ठेवलं. पाणी, सरपण, चारा जितका लांब, तितके घरात जादा हात हवेत. मुलं वाढली की गायरान आणखी ओसाड होतं आणि पायपीट वाढते. गायरान सगळ्यांचं असतं, म्हणून ज्याचे हात जास्त त्याचा भारा मोठा. स्वतःच्या रानाचं उलटं: भाऊ वाढले की वाटण्या आल्या.

संशोधनाचा कौल मात्र दुभंगलेला आहे. पाकिस्तानात जिथे जळणाची टंचाई तिथे मुलं जास्त, असं आढळलं. नेपाळातल्या एका अभ्यासात टंचाईमुळे मुलं कमीच हवीशी वाटतात, असं दिसलं.

आपल्याकडे काय झालं? २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली, सांगलीची ९.२४ आणि साताऱ्याची अवघी ६.९३ टक्क्यांनी. यात स्थलांतराचा वाटा मोठा, हे खरं. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळायला गेले, पाटण-जावळीची माणसं मुंबईत माथाडी झाली. पण राज्यातला जननदरही (दर बाईमागे मुलं) २०१९-२१ पर्यंत १.७ वर आला होता. दुष्काळ हटला नाही, तरी कुटुंबं आटली. माझ्या मते, शिकलेलं पोर बाहेरून पैसा धाडू शकतं हे दिसल्यावर पोरांच्या हातांचा हिशेबच बदलला.

एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नाही. पाणी-सरपण वाहतात मुख्यतः बायका आणि मुली. नुसत्या हातांचीच गरज असती, तर मुलगी हवीशी वाटायला हवी होती. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ मुली होत्या. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ (नको असलेली) नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. दासगुप्तांनीही बाईला घरात किती अधिकार आहे, याला वजन दिलं होतं. घागर जिच्या डोक्यावर, तिला किती मुलं हवीत हे कुणी विचारलं नाही, आणि अनेक घरांत मुलगाच होईपर्यंत तिची बाळंतपणं चालू राहिली.