घर दुरुस्तीला काढताय? आधी विचारा!

‘घर पाहावं बांधून’ असं आपले वाडवडील सांगून गेले. पण बांधलेलं घर, आत माणसं राहत असताना, मोडून पुन्हा नीट करून पाहावं, असं काही ते बोलले नाहीत. मैत्रिणींनो, मी ते करून पाहिलंय. हातून चुकाही भरपूर झाल्या. त्यातली एक चूक होता होता टळली, नाहीतर आज हा लेख लिहायला मी बसले असते की नाही, कोण जाणे!

आमचं घर नाशिकच्या सिडकोतलं. नाशिककर मैत्रिणींना सांगायला नको, पण बाहेरगावच्यांसाठी सांगते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे शहरात नोकरदार माणूस वाढला, तेव्हा सिडकोने इथे लहान लहान घरांच्या सहा योजना केल्या. अजूनही आम्ही पत्ता सांगताना ‘अमक्या स्कीममध्ये’ असंच म्हणतो. आमच्या ओळीतली घरं एकमेकांना चिकटून, दोन घरांत मिळून एक भिंत. सासऱ्यांनी हे घर हप्त्या-हप्त्यानं फेडलं. त्यामुळे घराला हात लावायचा म्हटलं की सासूबाईंचा जीव खालीवर व्हायचा.

मला खुपत होती ती स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत. ती गेली की कशी छान मोठी मोकळी जागा होईल! शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी खडूने त्या भिंतीवर भली मोठी फुली मारली. बाईंच्या हातात खडू, दुसरं काय होणार? मिस्त्री म्हणाले, “वहिनी, दोन तासांचं काम आहे. उद्या सकाळी हाणतो.”

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. फुलीकडे बघून म्हणाल्या, “अगं, हिला पाडल्यावर माझ्या भिंतीचं काय? कुणा जाणत्याला विचारलंस का?”

खरं सांगते, मला रागच आला. पण आमच्या ह्यांना ते पटलं. त्यांच्या ओळखीचे एक इंजिनीअर रात्रीच येऊन पाहून गेले. भिंत ९ इंची. घरात एकही कॉलम नाही. दोन्ही खोल्यांचा स्लॅब त्याच भिंतीवर टेकलेला. ते एवढंच म्हणाले, “ताई, ही काढली तर वरचा स्लॅब कशावर राहणार?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. खाली माझी लेक झोपली होती.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते. घरदुरुस्तीतल्या बहुतेक चुका गवंड्याच्या हातून होत नाहीत. गवंडी यायच्या आधी आपण कुणाला विचारत नाही, तिथे त्या होतात. तेव्हा विचारा. कुणाकुणाला ते आता सांगते.

पहिलं, भिंतीला विचारा

म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअरला. साधारणपणे ९ इंची भिंत भार घेणारी आणि साडेचार इंची भिंत नुसती आडोशाची असते. पण एवढ्यावर विसंबू नका. भार कशावर आहे, हे गिलाव्यावरून आपल्याला कळत नाही. कॉलम आणि बीम यांना तर नळ किंवा वायर नेण्यासाठीसुद्धा कुणाला छिन्नी लावू देऊ नका.

मी घाबरवते आहे असं वाटत असेल, तर मुंबईतली घाटकोपरची गोष्ट आठवा. २५ जुलै २०१७ रोजी साईदर्शन ही चार मजली इमारत बसली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात आधाराच्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी तर काहीच दुरुस्तीला काढलं नव्हतं! म्हणूनच म्हणते, चिकटून असलेल्या घरात किंवा फ्लॅटमध्ये आपली भिंत एकट्या आपली नसते.

जुन्या नाशकात, पंचवटीत वाड्यात राहणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक. वाड्याचा बराचसा भार लाकडी खांब आणि तुळया उचलतात आणि विटा चुन्यात बसवलेल्या असतात. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेरही सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चोपडला की ओल आत कोंडते आणि आतलं लाकूड कुजत जातं. बाहेरून मात्र सारं गुळगुळीत! तिथे चुन्याचं काम जाणणारा माणूसच बोलवा.

दुसरं, पालिकेला आणि शेजाऱ्याला विचारा

रंग, गिलावा, फरशी बदलणं अशा किरकोळ कामांना सहसा परवानगी लागत नाही. पण खोली वाढवणं, मजला चढवणं, इमारतीच्या मूळ सांगाड्यात फेरफार करणं हे परवानगीशिवाय करू नये. २०२० साली राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली आली. आपलं काम तिच्यात कुठे बसतं, ते परवानाधारक आर्किटेक्टकडून किंवा इंजिनीअरकडून समजून घ्या. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर तिची संरचना तपासून घ्यायची तरतूद महापालिका कायद्यातच आहे. सोसायटीत राहत असाल तर सोसायटीचं पत्र आधी. ‘सगळेच करतात’ हे उत्तर अपघाताच्या वेळी कामाला येत नाही.

तिसरं, घरातल्या माणसांना विचारा

इथे मी सपशेल नापास झाले. कबूल करते.

मोरीची न्हाणी करताना सासूबाई म्हणाल्या होत्या, “खाली जरा खरखरीत फरशी घाल गं.” मी दुकानात गेले आणि आरशासारखी चकचकीत टाइल पसंत करून आले. काम झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्या साबणाच्या पाण्यावरून घसरल्या. मनगट मोडलं. दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये. ‘मी सांगितलं होतं’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं.

नंतर ती सगळी फरशी उखडून खरखरीत घातली. खर्च दुप्पट! भिंतीला धरायला दांडी लावली. दांडी नुसत्या गिलाव्यात नव्हे, आत विटेपर्यंत पक्की बसली पाहिजे.

म्हणून एक दोनशेपानी वही घ्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक पान करा आणि ‘तुला कशाचा त्रास होतो?’ एवढंच विचारून लिहून घ्या. ‘तुला काय हवं?’ असं विचारलंत तर यादी संपणार नाही! माझ्या लेकीचं उत्तर होतं, “लिहिताना माझ्याच हाताची सावली वहीवर पडते.” ती उजव्या हातानं लिहिते. टेबल फिरवून उजेड डावीकडून घेतला, काम झालं. एक पैसा लागला नाही.

ओट्याची उंचीही मिस्त्रींना ठरवू देऊ नका. तुमच्या घरी स्वयंपाक ते करणार नाहीत! कोपरात हात वाकवून ताठ उभ्या राहा. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा यावा. शेगडी खिडकीच्या थेट झोतात नको. सिलिंडर ओट्याखाली ठेवत असाल तर त्या कप्प्याला अगदी तळाशी मोकळी जाळी हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

चौथं, पैशाच्या डब्याला विचारा

अंदाजपत्रक झालं की त्याचा निदान दहावा भाग वेगळा काढा आणि तो नाहीच असं समजा. जुनी भिंत फोडली की आत काय निघेल, ते देव जाणे. आमच्याकडे लोखंडी पाइप गंजून चाळण झालेले निघाले. कपाटाचे पैसे नळात गेले!

मजुरीनं काम द्यायचं की मालासकट, हे कागदावर लिहून घ्या. आणि ‘ब्रास’ समजून घ्या. गिलावा-फरशीत १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, वाळू-खडीत १०० घनफूट. १० बाय १२ ची आणि १० फूट उंच खोली घ्या. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट, साडेचार ब्रासला थोडं कमी. दारं-खिडक्या त्यातून वजा धरायच्या की नाही, हे आधी ठरवा. भांडण नेहमी तिथेच होतं.

टाइल घेताना त्याच खोलीला २ बाय २ च्या ३० टाइल लागतात. पण तीसच आणू नका. कापाकापी आणि फुटतूट धरून दहावा हिस्सा जास्त घ्या, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा. नंतर आणलेल्या टाइलचा रंग हमखास वेगळा दिसतो. उरलेल्या दोन-चार माळ्यावर जपून ठेवा.

पैसे हप्त्यानं द्या, कामाच्या टप्प्याप्रमाणे. शेवटचा दहावा भाग काम संपल्यावर, नळ-गळती तपासून मगच.

पाचवं, पावसाला विचारा

आम्ही मे महिन्यात सुरुवात केली, कारण मला सुट्टी. पण उन्हाचा गिलावा भराभर वाळतो आणि तडे जातात. निदान सात दिवस त्यावर पाणी मारावं लागतं, आणि मे महिन्यात पाणी कुठून आणायचं? काम रेंगाळलं, जूनमध्ये पाऊस आला आणि अर्ध्या पोत्यांना ओल लागली. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा. पोत्यावर सिमेंट कधीचं आहे ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं घेऊ नका.

मोठं काम असेल तर दिवाळीनंतर काढा. मात्र गच्चीची गळती पाऊस येण्याच्या बऱ्याच आधी पुरी करा. ‘लग्नाच्या आधी’, ‘पाहुणे यायच्या आत’ अशी मुदत घालून घेऊ नका. घाईत केलेलं काम पाहुणे गेल्यावर आपल्यालाच पुरतं.

आणि रोज विचारा

कामाचा क्रम असा ठेवा. तोडफोड, मग नळ आणि वायरिंग, मग न्हाणीचं वॉटरप्रूफिंग, गिलावा, फरशी, सुतारकाम, आणि सगळ्यांत शेवटी रंग. आमच्याकडे रंग आधी झाला आणि मग सुताराने भिंतीला भोकं पाडली!

न्हाणीत फरशी बसण्यापूर्वी जाळीचं भोक बंद करून दोन इंच पाणी २४ तास भरून ठेवा. खालच्या किंवा पलीकडच्या भिंतीला ओल आली तर तेव्हाच कळेल. उतार जाळीकडेच हवा, साधारण दहा फुटांना दीड इंच. फरशी बसल्यावर स्वतः तांब्याभर पाणी ओतून बघा.

गीझरला दिव्याची बारीक वायर चालत नाही, त्याची जाड वायर वेगळी टाकायला सांगा. विजेच्या बोर्डावर गळतीचा झटका ओळखून वीज तोडणारा स्विच बसवाच. वायरी आणि नळ भिंतीत गाडण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना त्या फोटोंची आठवण येईल.

आता तुम्ही विचाराल, त्या फुलीच्या भिंतीचं काय झालं? ती उभी आहे. इंजिनीअरांनी माप आखून दिलं, वर लिंटेल टाकलं आणि तिच्यात एक लहानशी खिडकी केली. मोठी मोकळी जागा काही झाली नाही. पण स्वयंपाकघरात उजेड आला, आणि सासूबाई बाहेर खुर्चीवर बसून त्या खिडकीतून माझ्याशी बोलत भाजी निवडतात. त्यांना तेवढंच हवं होतं. मी विचारलंच नव्हतं.

शेजारच्या काकूंना मी वास्तूच्या जेवणाला पहिलं ताट वाढलं.

तेव्हा मैत्रिणींनो, या दिवाळीनंतर काम काढायचा विचार असेल तर आजच वही आणा. हातोडा आणायची घाई नको. आणि तुमच्या घरच्या दुरुस्तीत तुमची कुठली चूक झाली, तेही कळवा. एकीची चूक दहाजणींच्या कामी आली, तर ती फुकट गेली असं म्हणता येणार नाही.