आजीचा विसर आणि नातीची सोयरीक

सोयरीक जुळवायला बसलं की रान किती, पाणी आहे का, ऊस कोणत्या कारखान्याला जातो, हे आधी विचारून होतं. मग कुणीतरी आवाज खाली आणतं: "त्यांच्या म्हातारीला चळ लागलाय म्हणे. खरंय का?" बीड जिल्ह्यातल्या तेलगाव-धारूर पट्ट्यात हा प्रश्न एक चांगलं स्थळ मोडू शकतो. म्हणून पाहुणे यायच्या दिवशी आजीला शेतातल्या आखाड्यावर नेऊन बसवतात. तिथे ती सख्ख्या नातवाला "तू कुणाचा रं?" विचारत राहते आणि इकडे घरात पोहे फिरतात.

आता यात नवी भर पडली आहे. "पोरीची जीन टेस्ट करून घ्या, रक्तात असेल तर कळतं." हे ऐकून कान किटले आहेत.

नाही कळत. लोक ज्याला चळ म्हणतात तो डिमेन्शिया हा एक आजार नाही. अनेक आजारांतून दिसणारी ती अवस्था आहे. त्यातला सर्वांत मोठा वाटा, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० ते ७० टक्के, अल्झायमरचा. ज्या टेस्टचा एवढा गवगवा होतो, ती बहुतेक वेळा एपीओई जनुकाची असते. त्याच्या ई-४ प्रकाराचा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३ मध्ये समोर आला. आई किंवा वडिलांकडून तो आला तर धोका साधारण दोन-तीन पट, दोघांकडून आला तर आठ ते बारा पट. आकडा ऐकून दचकायला होतं, पण धोका वाढणं म्हणजे आजार होणं नव्हे. ई-४ असलेली कितीतरी माणसं शेवटपर्यंत ठणठणीत असतात आणि ज्यांच्यात तो नाही त्यांनाही अल्झायमर होतो. शिवाय हे "पट" मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या लोकांची अमेरिकेतल्या लोकांशी तुलना करणारा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बल्लभगडमध्ये ई-४ कमी आढळला होता. मग युरोपातला आकडा जसाच्या तसा धारूर तालुक्यातल्या मुलीच्या माथी कसा मारायचा?

थेट वारशाने येणारा अल्झायमर असतो, हे खरं. एपीपी, पीएसईएन-१ आणि पीएसईएन-२ या जनुकांतल्या बिघाडाने तो होतो आणि प्रत्येक अपत्याला तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते. पण असे रुग्ण एकूण अल्झायमरच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्यांचा आजार बहुधा साठीच्या आतच सुरू होतो. आजी पंचाहत्तरीनंतर विसरायला लागली असेल, तर तिच्या नातीसाठी ही चर्चा जवळजवळ गैरलागूच आहे.

"परदेशात लोक बिनधास्त टेस्ट करतात, आपणच मागास," हाही एक सूर. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा संपूर्ण जनुकसंच उघड केला, पण एपीओईचा निकाल तेवढा झाकून ठेवायला सांगितला. वारशाने येणाऱ्या हंटिंग्टन या आजारात तर चाचणी जवळजवळ पक्कं उत्तर देते. तरीही पाश्चात्त्य देशांत धोका असलेल्यांपैकी थोडेच लोक ती करून घेतात. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात पीएसईएन-१ मुळे चाळिशीतच विसर पडणारी मोठी घराणी आहेत. तिथले लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या शाप समजत आले. आपल्याकडे देवऋष्याकडे नेतात, तेव्हा एवढंही आपलं वेगळेपण नाही.

फरक आहे तो वेगळाच. अमेरिकेत माणूस विचारतो, "मला होईल का?" आपल्याकडे भावकी विचारते, "त्यांच्यात आहे का?" तिथे निकाल एकाच्या फाइलीत राहतो, इथे तो गावभर होतो आणि चुलत बहिणींच्या लग्नांपर्यंत पोचतो. म्हणूनच निरोगी माणसाने आधी समुपदेशन न घेता एपीओई चाचणी करू नये. सोयरीक ठरवताना तर ती मागूच नये.

बाकीचे समज थोडक्यात. "साठी बुद्धी नाठी, वयाचंच आहे": नाही, भारतात साठीपुढच्या १०० जणांपैकी साधारण ७ जणांना डिमेन्शिया असल्याचा लासी-डॅड या देशव्यापी सर्वेक्षणाचा अंदाज आहे, म्हणजे उरलेल्या ९३ जणांना नाही. "खेड्यात होत नाही": त्याच सर्वेक्षणात प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आढळलं. "नशिबात असेल ते होणारच": लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, तंबाखू, कमी शिक्षण अशा १४ गोष्टी सांभाळल्या, तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील. "दाखवून काय उपयोग": बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, डोक्यात साकळलेलं रक्त, यांनीही असाच विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत.

तेव्हा मुलीचं रक्त तपासण्याआधी आखाड्यावरच्या आजीचं तपासा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. जाताना तिच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. कुठे जावं ते कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन करा.