अलीशिबेच्या घरातले तीन महिने

गेल्या आठवड्यात आपण शिलो येथे हन्नाने डोळ्यांत पाणी आणून केलेला नवस पाहिला. आज नव्या करारात येऊ. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात दोन गरोदर स्त्रिया भेटतात. या भेटीवर थोडे थांबायला हवे.

यहूदाच्या डोंगराळ मुलुखातले जखऱ्या याजकाचे घर. पती-पत्नी दोघेही उतारवयाला लागलेले, पदरी मूल नाही. मुलगा होईल हे देवदूताचे वचन जखऱ्याला खरे वाटले नाही आणि त्याची वाचा गेली. म्हणजे बाळ जन्मेपर्यंत त्या घरात याजकाचा आवाज नाही, जे काही बोलायचे ते अलीशिबेने. दिवस गेल्यावर पाच महिने ती घराबाहेर पडली नाही. वर्षानुवर्षे लोकांत ज्या गोष्टीने मान खाली घालावी लागली, ती प्रभूने दूर केली, एवढेच तिचे म्हणणे लूक नोंदवतो.

तिच्या सहाव्या महिन्यात देवदूत गब्रीएल नासरेथला मरीयेकडे आला आणि तुला मुलगा होईल, असे त्याने सांगितले. मरीया कुमारी होती आणि योसेफाशी तिची मागणी झाली होती. हे कसे होणार, असे तिने देवदूताला सरळ विचारले आणि उत्तर ऐकल्यावरच होकार दिला. तिची श्रद्धा म्हणजे मुकाट मान्य करणे, असे जे वरचेवर सांगितले जाते ते मला पटत नाही. तिच्या आधी रिबकेनेही हेच केले होते. पोटातली जुळी एकमेकांशी झुंजू लागली, तेव्हा असे का, हे तिने परमेश्वरालाच विचारले आणि उत्तरही तिलाच मिळाले, इसहाकाला नव्हे.

अलीशिबेला दिवस गेले आहेत एवढेच देवदूत मरीयेला म्हणाला होता. तिच्याकडे जा, असे त्याने सांगितले नव्हते. मरीया आपण होऊन निघाली, तीही लगबगीने. गालीलातून यहूदाच्या डोंगरांपर्यंतची ही वाट शंभर किलोमीटरहून जास्त, काही दिवसांच्या चालीची. परंपरा हे घर यरुशलेमजवळच्या ऐन करेम गावात दाखवते.

मरीयेच्या पोटातले मूल योसेफाचे नव्हते. मागणी झालेल्या मुलीसाठी नियमशास्त्रातली शिक्षा कडक होती, आणि ही गोष्ट कोणाला सांगायची, हा प्रश्न तिच्यापुढे असणारच. तिने दारात नुसते अभिवादन केले. तेवढ्यानेच अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उसळी घेतली. मरीयेने काही सांगण्याआधीच अलीशिबेने तिला धन्य म्हटले आणि प्रभूची माता म्हणून तिचा मान केला. वयाने मोठी, याजकाची पत्नी, ती नात्यातल्या कोवळ्या मुलीपुढे नम्र झाली. ना चौकशी, ना संशय. या शुभवर्तमानात जन्माआधीच्या येशूला प्रभू म्हणून ओळखणारे पहिले माणूस ही गरोदर बाई आहे, आणि आपल्या प्रवचनांत तिचे नाव इतके कमी येते याची मला खंत वाटते.

कॅथलिक घरांत मात्र तिचे शब्द रोज उच्चारले जातात. ‘नमो मरिया’ प्रार्थनेच्या पूर्वार्धात आधी देवदूताचे अभिवादन येते आणि लगेच अलीशिबेचे उद्गार. वसईच्या एखाद्या घरात संध्याकाळी जपमाळ सुरू होते, तेव्हा ‘नमो मरिया’च्या प्रत्येक मण्यावर तेच उद्गार म्हटले जातात. चर्च या भेटीचा सण 31 मे रोजी पाळते.

या स्वागतानंतरच मरीयेने स्तुतिगीत गायले. गर्विष्ठांना पांगवणारा, भुकेल्यांना तृप्त करणारा देव त्यात आहे आणि हन्नाच्या गीताचे पडसादही स्पष्ट ऐकू येतात. आपल्या पोटी येणाऱ्या बाळाच्या आनंदात तिने दीनदुबळ्यांचा न्याय मागितला, हे विसरू नये.

सुमारे तीन महिने ती तिथे राहिली. पुढे अलीशिबा प्रसूत झाली. आठव्या दिवशी नातलग बाळाला बापाचेच नाव ठेवायला निघाले, तेव्हा तिने सगळ्यांसमोर नाही म्हटले: नाव योहानच. कुळात असे कोणाचेही नाव नाही म्हणून त्यांनी जखऱ्याला खुणेने विचारले. त्याने पाटीवर तेच नाव लिहिले आणि त्याची वाचा मोकळी झाली.

मरीया नासरेथला परतली. तिथे योसेफापुढे काय वाढून ठेवले होते, ते मत्तय सांगतो. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे वळू.